आरंभीच्या मोटारगाड्यांचे विजेचे हॉर्न आणि त्यांची पारख

ब्रिटनने १८९६ च्या कायद्याने हलक्या स्वयंचलित गाड्यांना रस्ते मोकळे करून दिले, तेव्हा एक अटही घातली. प्रत्येक गाडीवर घंटा किंवा पुरेसा ऐकू जाईल असा इशारा देणारे एखादे साधन असलेच पाहिजे. ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे कायद्याने सांगितले नाही. सांगता येणे शक्यही नव्हते, कारण आवाज मोजण्याचे एकक आणि रस्त्यावर नेता येईल असे उपकरण तेव्हा जगात कुठेच नव्हते. आरंभीच्या हॉर्नच्या चाचणीचा सारा इतिहास या एका उणिवेभोवती फिरतो. हॉर्न किती वीज खातो आणि किती टिकतो, हे कारखान्यांना पहिल्यापासून तपासता येत होते. त्याचा आवाज किती अंतरावर पोहोचतो, हे कानाने ठरवले जाई. तो आवाज कुठवर वाढू द्यायचा, हा प्रश्न अधिकृतपणे विचारायला मात्र पुढची तीस-पस्तीस वर्षे लागली.

विजेचा हॉर्न येण्यापूर्वी गाडीवर रबरी फुग्याचा भोंगा असे. फुगा दाबला की हवा पितळी पातीवरून जाई आणि पाती वाजे. हा भोंगा साधा, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा होता. पण त्याचा आवाज चालकाच्या मुठीच्या जोरावर अवलंबून होता, रबर उन्हाने तडकत असे आणि वळणावर सुकाणू, गिअरचा दांडा आणि फुगा हे तिन्ही सांभाळायला दोन हात पुरत नसत. काही गाड्यांवर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर चालणाऱ्या शिट्ट्या आल्या. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर यांचा ‘गेब्रिएल’ हॉर्न हा त्यांतला नावाजलेला प्रकार. त्याचा स्वर गोड होता, पण इंजिन मंद चालत असले की दाब कमी पडे. म्हणजे गर्दीत, जिथे इशाऱ्याची खरी गरज, तिथेच आवाज दुबळा होई. बटण दाबताच, इंजिनाची गती काहीही असो, दर वेळी तोच आवाज मिळावा ही अपेक्षा यातून पुढे आली आणि ती पुरी करण्याचे काम विजेकडे गेले.

या कामात पहिले मोठे यश मिळाले ते मिलर रीझ हचिसन या अमेरिकन संशोधकाला. बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र त्यांनी आधीच तयार केले होते. पातळ चकतीच्या कंपनांतून आवाज कसा उमटतो याची जाण त्यांना त्या कामातून आली होती. पुढे ते थॉमस एडिसन यांचे मुख्य अभियंता झाले. त्यांच्या हॉर्नच्या यंत्रणेचे हक्क नेवार्क येथील लव्हेल-मॅकॉनेल या कंपनीने घेतले आणि १९०८ मध्ये तो ‘क्लॅक्सन’ या नावाने बाजारात आला. त्याच्या आतली रचना अशी: पोलादी चकतीच्या मध्यावर एक कठीण बटण, बटणाला टेकलेले एक दातेरी चाक आणि चाक फिरवणारी छोटी विजेची मोटर. चाकाचा प्रत्येक दात बटणाला धक्का देतो, चकती आत दबते आणि उसळून परत येते. समजा, चाकाला आठ दाते आहेत आणि मोटर मिनिटाला ३,००० फेरे घेते, तर सेकंदाला ४०० धक्के बसतात. मोटर सुरू होताना गती वाढत जाते म्हणून स्वर चढतो आणि बटण सोडल्यावर गती उतरते म्हणून स्वर खाली येतो. जुन्या गाड्यांची ती प्रसिद्ध चढ-उताराची आरोळी निर्माण होते ती अशी.

दुसरी रचना मोटरविना चालते. घरातल्या विजेच्या घंटेसारखाच तिचा कारभार: विद्युतचुंबक चकतीला जोडलेला लोखंडी तुकडा ओढतो, त्या ओढीनेच संपर्काचे पॉइंट उघडतात, वीज तुटते, चकती परत येते, पॉइंट पुन्हा मिटतात. हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा होते आणि चकती तिच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येच्या आसपास वाजत राहते. श्टुटगार्टच्या बॉश कंपनीने आपला हॉर्न १९२१ मध्ये आणला आणि युरोपात कंपनाचा प्रकार रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. या प्रकारात भाग कमी, वजन कमी आणि बटण दाबल्या क्षणी पूर्ण आवाज मिळतो. मोटरच्या हॉर्नला गती घ्यायला क्षणभर लागतो. घाईत नुसते बटण टिचकावले तर त्यातून धड इशारा होत नाही, घोगरा हुंकार तेवढा निघतो. पूर्ण स्वर यायला लागणारा वेळ ही त्यामुळे मोटरच्या हॉर्नची एक महत्त्वाची कसोटी आहे.

फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने तिसरीच वाट धरली. १९१५ पासून या गाडीवर विजेचा हॉर्न आला, पण गाडीत बॅटरी नव्हती. इंजिनाच्या चक्राला बसवलेल्या मॅग्नेटोतून हॉर्नला वीज मिळे. या चक्रावर १६ चुंबक असल्याने दर फेऱ्याला विजेची आठ आवर्तने होत. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे १३३. गती वाढली की व्होल्टही वाढत आणि कंपनसंख्याही. म्हणून मॉडेल टीचा हॉर्न उभ्या गाडीत कुरकुरतो आणि धावत्या गाडीत खणखणतो. असा हॉर्न बॅटरीच्या एकदिश प्रवाहाला जोडून तपासला तर तो नीट वाजत नाही आणि चांगला हॉर्न नादुरुस्त ठरतो. चाचणीत विजेचा उगम गाडीतल्यासारखाच हवा, हा धडा या साध्या हॉर्नने ठळकपणे दिला.

विजेच्या बाजूने पाहता क्लॅक्सनच्या पिढीची खरी परीक्षा बॅटरीची होती. १९०८ च्या गाड्यांत डायनामो सहसा नसे. सुरुवातीचे क्लॅक्सन सहा व्होल्टच्या शुष्क विद्युतघटांवर चालत आणि १९११ पासून ते पुन्हा भारित करता येणाऱ्या बॅटरीवर चालू लागले. गाडीवर वीज तयार होण्याची सोय सर्वत्र व्हायला १९१२ च्या कॅडिलॅकने आणलेल्या विजेच्या स्टार्टरनंतरची वर्षे लागली. तोवर हॉर्नसाठी दीड व्होल्टचे सहा इंच उंचीचे चार घट एकापुढे एक जोडत. नवा घट क्षणभर थेट अँमीटरला जोडला तर २५ ते ३० अँपिअर दाखवी. घट जुना होऊ लागला की हा आकडा झपाट्याने उतरे. गॅरेजमधली ही झटपट चाचणी हॉर्नच्या चाचणीइतकीच आवश्यक होती, कारण नुसता व्होल्टमीटर इथे फसवतो. थकलेला घटही काम नसताना दीड व्होल्टच्या जवळपासच दाखवतो. ३० अँपिअर देणाऱ्या घटाचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम, चारांचा मिळून ०.२ ओहम, हॉर्न चार अँपिअर घेत असेल तर ०.८ व्होल्ट आतच खर्च होतात आणि हॉर्नला ५.२ व्होल्ट मिळतात. तोच घट उतरून सहा अँपिअरवर आला की चारांचा रोध एक ओहम होतो, चार व्होल्ट आत जातात आणि हॉर्नच्या वाट्याला जेमतेम दोन व्होल्ट उरतात. हॉर्न वाजेनासा होतो, आणि दोष मात्र हॉर्नमध्ये नसतो.

म्हणून विजेची नीट चाचणी म्हणजे हॉर्न वाजत असताना, त्याच्याच टर्मिनलवर घेतलेले व्होल्टचे वाचन आणि त्याच वेळी तारेत घातलेल्या अँमीटरचे वाचन. एकदिश प्रवाह अचूक मोजणारी, हातात मावणारी मीटर तोवर सहज मिळू लागली होती. त्यांतली नामांकित मीटर बनवणारी एडवर्ड वेस्टन यांची कंपनी क्लॅक्सनच्याच गावची, नेवार्कची. या दोन आकड्यांवरून हॉर्नची पुष्कळ प्रकृती कळते. व्होल्ट पुरेसे आणि प्रवाह अजिबात नाही, तर वाइंडिंग तुटलेले किंवा ब्रश कॉम्युटेटरला टेकत नाहीत. प्रवाह खूप आणि आवाज बसका, तर मोटर अडकलेली, बुश सुकलेले किंवा चाक बटणावर प्रमाणाबाहेर दाबलेले. व्होल्टच कमी, तर दोष हॉर्नच्या बाहेर, बटणात, तारेत किंवा गंजलेल्या चॅसीतून परतणाऱ्या अर्थिंगमध्ये शोधावा. शंभर वर्षांपूर्वीच्या हॉर्नइतकीच ही तपासणी आजच्या हॉर्नलाही लागू आहे.

क्लॅक्सनच्या मागे एक स्क्रू असतो. तो फिरवला की मोटरची दांडी पुढे-मागे सरकते आणि चाक व बटण यांतला दाब बदलतो. या एका स्क्रूवर हॉर्नचे नशीब ठरते. दाब कमी असेल तर दाते बटणाला ओझरते लागतात आणि खडखडाट ऐकू येतो. जास्त असेल तर मोटरची गती खुंटते, प्रवाह वाढतो, स्वर खाली घसरतो आणि बटण झिजू लागते. योग्य जागा या दोन टोकांच्या मध्ये, बऱ्यापैकी अरुंद पट्ट्यात असते. कानाने ती सापडते, पण अँमीटर समोर असेल तर अधिक खात्रीने सापडते: आवाज भरदार व्हावा आणि काटा मात्र अकारण वर चढू नये. कंपनाच्या हॉर्नमध्ये हेच काम पॉइंटमधली फट जुळवणारा स्क्रू करतो. तिथे भर पडते ती ठिणगीची. दर सेकंदाला शेकडो वेळा वीज तुटते आणि प्रत्येक वेळी पॉइंटवर ठिणगी पडते. ती शमवण्यासाठी पॉइंटला समांतर कंडेन्सर किंवा रोध जोडतात. तो निकामी झाला तर हॉर्न काही दिवस छान वाजतो आणि मग पॉइंट जळून गप्प होतो. थोड्या मिनिटांच्या चाचणीत हा दोष लक्षात येत नाही.

इथे टिकाऊपणाचा प्रश्न येतो. हॉर्न गाडीच्या सर्वांत वाईट जागी बसतो. पुढून पाऊस आणि चिखल, शेजारून इंजिनाची धग आणि खालून रस्त्याचे हादरे. चकतीचे पोलाद सेकंदाला शेकडो वेळा वाकते आणि बटणाच्या भोवतीच थकून तडकते. चकती कडेने घट्ट धरणारे स्क्रू सारखे आवळलेले नसतील तर ती एका बाजूने वाजते आणि स्वर फाटतो. पाणी आत शिरले तर गंज, तेल जास्त घातले तर कॉम्युटेटरवर काजळी. असे दोष उघड करायचे तर हॉर्न थोडा वेळ वाजवून विश्रांती देत, असे हजारो वेळा करावे लागते. सलग वाजवण्याला चाचणी म्हणून फारसा अर्थ नाही, कारण कोणताही चालक हॉर्न सलग तासभर वाजवत नाही. सलग वाजवल्याने वाइंडिंग जळते आणि चकतीच्या थकव्याविषयी काहीच कळत नाही. थोडे वाजवणे आणि बरेच थांबणे हे प्रमाण आजच्या आंतरराष्ट्रीय नियमातही टिकून आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायूच्या इशाऱ्यासाठी क्लॅक्सन वापरले गेले. चिखल, पाणी आणि बॅटरीचा अभाव यांमुळे तिथे हाताने दांडा फिरवून किंवा दाबून वाजवायचे नमुने अधिक उपयोगी पडले.

आवाजाची चाचणी मात्र फार वेगळ्या वाटेने गेली. कारखान्यांची आणि ग्राहकांची आवडती कसोटी होती अंतर: अमुक हॉर्न इतक्या दुरून ऐकू येतो. कसोटी समजायला सोपी होती, जाहिरातीला सोयीची होती, आणि दोन कारणांनी सदोष होती.

पहिले कारण विज्ञानाला आधीच ठाऊक होते. १८७३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउथ फोरलँड येथे जॉन टिंडल यांनी धुक्यात जहाजांना सावध करणाऱ्या भोंग्यांच्या आणि तोफांच्या मोठ्या चाचण्या घेतल्या. जुलैमधल्या एका स्वच्छ, शांत दिवशी हे प्रचंड आवाज दोन-तीन मैलांपलीकडे ऐकू येईनासे झाले, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी तेच आवाज दहा मैलांहून पुढे पोहोचले. यंत्रे तीच, ऐकणारे तेच, हवा वेगळी. वारा आणि उंचीबरोबर बदलणारे तापमान ध्वनीला वर किंवा खाली वळवतात, हे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याच सुमारास दाखवले. भर दुपारी तापलेल्या रस्त्यावर आवाज वर उचलला जातो. संध्याकाळी जमीन गार झाली की तोच आवाज जमिनीलगत लांब जातो. दोन हॉर्न वेगवेगळ्या दिवशी तपासून त्यांची अंतरे ताडून पाहणे म्हणूनच निरर्थक आहे. अंतराची चाचणी घ्यायचीच तर दोन्ही हॉर्न एकाच जागी, एकाच तासात, आलटून-पालटून वाजवले पाहिजेत, आणि कोणता हॉर्न कधी वाजतो हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसले पाहिजे.

दुसरे कारण साध्या गणिताचे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने गाडीची वेगमर्यादा ताशी २० मैल ठरवली, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ९ मीटर. रस्त्यातल्या माणसाला बाजूला व्हायला दहा सेकंद दिले, आणि ते भरपूर आहेत, तर हॉर्न ९० मीटरवर नीट ऐकू आला की काम झाले. अर्धा मैल, म्हणजे ८०० मीटर, ऐकू जाणारा हॉर्न दीड मिनिट आधी इशारा देतो. पादचाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. मोकळ्या जागेत अंतर नऊपट करायचे तर ध्वनीची शक्ती ८१ पट लागते. ती सारी वाढीव शक्ती रस्त्यालगतच्या घरांत, दवाखान्यांत आणि शाळांत शिरते. आंधळ्या वळणांच्या घाटरस्त्यावर किंवा मोकळ्या माळरानावर लांबचा आवाज थोडाफार कामाचा. शहरात तो निव्वळ उपद्रव. तरीही विक्री होत राहिली ती अंतराच्या नावावर, कारण कायद्याने फक्त किमान मागितले होते. ज्या चाचणीला खालची मर्यादा आहे आणि वरची नाही, तिच्यात सर्वांत कर्कश हॉर्नच पहिला येणार, हे उघड आहे.

आवाजाची जात हा भाग मात्र क्लॅक्सनवाल्यांनी बरोबर हेरला होता. त्या काळच्या इंजिनांचा, लोखंडी धावांच्या चाकांचा आणि ट्रामचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला. फुग्याच्या भोंग्याचा जाड स्वर त्यात बुडून जाई. दातेरी चाकाच्या धक्क्यांनी निघणाऱ्या आवाजात उंच अधिस्वर भरपूर असतात आणि ते गोंगाटाच्या वर तरंगतात. माणसाचा कान २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वक्ररेषांनी हे आकड्यांत मांडले. म्हणजे चांगल्या हॉर्नला नुसता जोर नको, योग्य पट्ट्यातला जोर हवा. तोच इशारा कमी शक्तीत देता येतो. ही गोष्ट १९०८ मध्ये आकड्यांनी दाखवता आली असती, तर शहरांचे पुष्कळ हाल वाचले असते.

पण ती दाखवायची कशाने? लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्ये एक नाजूक युक्ती दिली होती: रेशमी धाग्याला टांगलेली छोटी चकती ध्वनीलहरीत किंचित वळते आणि त्या वळणावरून तीव्रता मोजता येते. बंद खोलीत ही चकती उत्तम काम देते. उघड्यावर वाऱ्याची झुळूक आली की सगळे वाचन वाया जाते. क्लीव्हलँडच्या केस स्कूलमध्ये डेटन मिलर यांनी १९०८ च्या सुमारास ‘फोनोडाइक’ बनवला. त्यात काचेच्या पातळ पडद्याची कंपने एका अतिसूक्ष्म आरशाला हलवतात आणि आरशावरून परावर्तित झालेला किरण धावत्या फिल्मवर ध्वनीची लहर रेखतो. कोणत्याही स्वरात मूळ कंपन किती आणि अधिस्वर किती, हे या रेषेवरून हिशेबाने काढता येते. हॉर्नची जात पारखायला याहून चांगले साधन त्या काळी नव्हते, पण उपकरणाच्या स्वतःच्या नादासाठी प्रत्येक वाचनात दुरुस्ती करावी लागे. कारखान्याच्या बाकावर ते चालण्यासारखे नव्हते.

मैदानात नेता येईल असे मोजमाप दिले ते वुस्टरच्या क्लार्क विद्यापीठातील आर्थर गॉर्डन वेबस्टर यांनी. त्यांच्या ‘फोनोमीटर’मध्ये जुळवून घेता येणारा पडदा ठरावीक स्वराला प्रतिसाद देतो आणि त्याची हालचाल प्रकाशाच्या साहाय्याने वाचता येते. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवरील फादर पॉइंट येथे १९१३ मध्ये लुई किंग यांनी हेच उपकरण वापरून धुक्यातल्या भोंग्यांची तपासणी केली: भोंगा किती शक्ती घेतो, त्यातली किती ध्वनीत उतरते आणि अंतराबरोबर आवाज कसा विरतो. मोटारीच्या हॉर्नला हवी होती नेमकी अशीच तपासणी. जहाजांच्या भोंग्यांसाठी सरकारे पैसा खर्चत होती, म्हणून तिथे ती झाली. मोटारीचा हॉर्न खाजगी विक्रीचा माल होता, म्हणून तिथे ती मागे राहिली. हॉर्न बनवणाऱ्यांचे लक्ष उलट पेटंटच्या लढायांत गुंतले होते. क्लॅक्सनच्या कंपनीचा प्रतिस्पर्धी कंपनीविरुद्धचा एक वाद १९१४ मध्ये खटल्याच्या खर्चाच्या मुद्द्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

खरा बदल टेलिफोनच्या प्रयोगशाळांतून आला. एडवर्ड वेंटे यांनी १९१७ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोन बनवला. व्हॅक्यूम ट्यूबच्या प्रवर्धकाशी जोडल्यावर तो ध्वनीचे सरळ विजेत रूपांतर करू लागला आणि मीटरचा काटा आवाज वाचू लागला. टेलिफोनच्या तारेतला ऱ्हास मोजण्यासाठी ठरवलेले एकक १९२० च्या दशकाच्या अखेरीस डेसिबल या नावाने रूढ झाले. दरम्यान श्रवणशक्ती तपासण्याचा ऑडिओमीटर रस्त्यावर उतरला होता. ज्ञात तीव्रतेचा आवाज कानाशी वाजवायचा आणि रस्त्याच्या गोंगाटात तो कुठे बुडतो हे पाहायचे. त्यावरून गोंगाट किती ते ठरते. एडवर्ड एल्वे फ्री यांनी १९२६ मध्ये न्यूयॉर्कचा गोंगाट याच रीतीने मोजला. त्याच वर्षी जर्मनीत हाइनरिख बार्कहाउझेन यांनी गोंगाट मोजण्याचे आपले उपकरण मांडले. हॉर्न आता कानाच्या साक्षीवरून आकड्यावर आला.

आकडा आल्याबरोबर वरच्या मर्यादेचा प्रश्न विचारता येऊ लागला. न्यूयॉर्कमध्ये ज्युलिया बार्नेट राइस यांनी अनावश्यक गोंगाटाविरुद्ध १९०६ मध्येच संस्था स्थापन केली होती आणि बोटींच्या शिट्ट्यांना आळा घालून दाखवला होता. १९२९ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने गोंगाट निवारण आयोग नेमला. बेल प्रयोगशाळेच्या मदतीने मोजमापाची उपकरणे ट्रकवर चढवून आयोग शहरभर फिरला, नागरिकांकडून ११ हजारांहून अधिक प्रश्नावल्या भरून आल्या आणि तक्रारींत वाहतुकीचा वाटा सर्वांत मोठा निघाला. लंडनमध्ये १९३४ साली परिवहन मंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनी वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्नला बंदी घातली. पॅरिसने १९५४ मध्ये शहरात हॉर्न वाजवणे बंद केले. या बंदींनी अपघात वाढतील ही भीती त्या त्या वेळी बोलून दाखवली गेली. शहरे चालत राहिली.

कारखान्याच्या चाचणीत वरची मर्यादा शिरली ती पुढे, संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या २८ क्रमांकाच्या नियमाने. १९७३ पासून लागू असलेल्या या नियमात आरंभीच्या काळातले सगळे विखुरलेले धडे एकत्र आलेले दिसतात. मोटारीच्या हॉर्नची ध्वनिपातळी दोन मीटरवर मोजतात. ती १०५ डेसिबलपेक्षा कमी आणि ११८ पेक्षा जास्त चालत नाही. १,८०० ते ३,५५० हर्ट्झच्या पट्ट्यातला जोर त्यावरच्या पट्ट्यापेक्षा अधिक असावा लागतो, म्हणजे क्लॅक्सनने अंदाजाने साधलेला पट्टा आता नियमाने ठरवला आहे. टिकाऊपणासाठी एक सेकंद वाजवणे आणि चार सेकंद थांबणे, असे ५० हजार वेळा. चाचणीचे व्होल्टही ठरलेले: बारा व्होल्टच्या हॉर्नला तेरा, सहाच्या हॉर्नला साडेसहा. गाडीवर बसवल्यावर सात मीटरवर मूळ नियमानुसार किमान ९३ डेसिबल हवे होते. दोन मीटरवरचे १०५ सात मीटरवर अंतराच्या हिशेबाने सुमारे ९४ होतात, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांना धरून होते. भारतात हॉर्नसाठी आयएस १८८४ हे मानक आणि गाडीवरील बसवणीसाठी एआयएस-०१४ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा ११९ वा नियम कर्कश आणि बहुस्वरी हॉर्नना मनाई करतो. या मानकांनुसार चाचण्या घेणारी देशातली एक प्रमुख संस्था पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही आहे.

जुने हॉर्न अजून वाजते आहेत. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज गाड्यांच्या मेळाव्यांत फोर्ड ‘मॉडेल ए’ची चढती-उतरती आरोळी ऐकू येते. १९२८ ते १९३१ च्या या गाडीवर स्पार्टन, ई.ए. आणि स्टुअर्ट-वॉर्नर अशा वेगवेगळ्या उत्पादकांचे मोटरवाले हॉर्न बसत. असा हॉर्न हाती आला की आधी वीज जोडू नये. मागचे झाकण काढून दांडी बोटाने फिरवून पाहावी. ती अडखळत असेल तर सुकलेले वंगण काढून बुशला थेंबभर तेल द्यावे. कॉम्युटेटर स्वच्छ करावा, ब्रशच्या स्प्रिंगा सैल नाहीत ना ते पाहावे, चकतीच्या मध्याभोवती बारीक तडा शोधावा. मग सहा व्होल्टची चांगली भारित बॅटरी, मध्ये फ्यूज आणि अँमीटर. मॉडेल एमध्ये बॅटरीचे धन टोक चॅसीला जोडलेले असते, पण या हॉर्नची मोटर सिरीज वाइंडिंगची असल्याने टोके उलटी झाली तरी ती त्याच दिशेने फिरते. बारा व्होल्ट मात्र लावू नयेत; प्रवाह दुप्पट होतो, उष्णता चौपट आणि शंभर वर्षे टिकलेले वाइंडिंग काही क्षणांत जळू शकते.

दुरुस्ती करण्यापूर्वी आणि केल्यानंतर तीन आकडे लिहून ठेवणे ही अशा संग्राहकांकडून सर्वांत मोलाची मदत ठरेल: वाजत असताना टर्मिनलवरचे व्होल्ट, तेव्हाचे अँपिअर आणि दोन मीटर समोर ध्वनिमापकावर आलेले डेसिबल, सोबत हॉर्नचा उत्पादक आणि क्रमांक. १९०८ ते १९२५ या काळातल्या हॉर्नची पारख कानाने झाली, त्यामुळे त्यांचे डेसिबल त्या काळच्या कोणत्याही नोंदीत असणे शक्य नाही. ते आता मिळतील तर शाबूत राहिलेल्या हॉर्नकडूनच. मूळ चकती, बटण आणि चाक जागेवर आहेत तोवर हे मोजून घ्यावे. नवी चकती बसली की जुन्या हॉर्नचा मूळ आवाज मोजण्याची संधी संपते.